मागचे गळे

जाखडीच्या जुन्या कॅसेटी हातात घेतल्या की आधी दिसतो तो बुवांचा फोटो. डोक्याला फेटा, कपाळाला गंध, खाली गाव आणि तालुका. ढोलकी कोणाची ते कधी छापलेलं असतं, कधी नसतं. बुवांच्या मागे बसून प्रत्येक ओळ उचलणारे चार-सहा जण कोण, हे बहुतेक वेळा नसतंच. आणि मला तर जाखडी ऐकताना अंगावर काटा येतो तो त्यांच्यामुळे. बुवा ओळ टाकतात, ती पुरती संपायच्या आत मागचे गळे तिला धरतात, वर चढवतात आणि ढोलकीच्या समेवर आणून सोडतात. बुवांना दम घ्यायला तेवढीच फुरसत मिळते. ओळ मागे पडली किंवा बेसूर झाली, तर बुवा कितीही तयारीचे असोत, बारी, म्हणजे पथकाची गाण्याची पाळी, तिथेच बसते.

या वहीत त्या मागच्या गळ्यांविषयी लिहायचं आहे. जसं सुचेल, जसं ऐकेन तसं.

•

बाहेरगावच्या वाचकासाठी थोडं. रत्नागिरी जिल्ह्यात गुहागर, चिपळूण, संगमेश्वर, लांजा, राजापूर या बाजूला गौरी-गणपतीत घराघरांसमोर, खळ्यात जाखडी होते. पायात चाळ बांधलेले नाचे गोल फेर धरतात. फेराच्या मधोमध बुवा, ढोलकीवाला, झांजवाला आणि कोरस बसतात. बहुतेक पथकं कुणबी वाड्यांतली. गण, गवळण, मग पदं. दोन पक्ष समोरासमोर आले की त्याला शक्ती-तुऱ्याचा सामना म्हणतात. तुरेवाले शिवाला, पुरुषतत्त्वाला थोर मानतात. शक्तीवाले म्हणतात, प्रकृतीवाचून शिव काय करणार? रात्रभर एकमेकांना पुराणातले प्रश्न घालायचे, उत्तर द्यायचं, उत्तराला प्रतिप्रश्न जोडायचा.

ही परंपरा घाटावर कलगी-तुरा म्हणून चालते, मध्य प्रदेशात आणि राजस्थानात चित्तोडकडे तुर्रा-कलंगी म्हणून. तुकनगीर गोसावी आणि शाहअली फकीर या दोघांची दंतकथा सगळीकडे सांगतात: चंदेरीच्या राजाने खूश होऊन एकाला तुरा दिला, दुसऱ्याला कलगी. उत्तर कर्नाटकातल्या गीगी पदांतही हेच दोन पक्ष भांडतात. तिथे तर मागच्या साथीदारांच्या ‘गी गी’ या घोषावरूनच गाण्याच्या प्रकाराला नाव पडलं आहे.

•

अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरातल्या पाच जणांची एक रेकॉर्ड सध्या पुन्हापुन्हा ऐकतो आहे. १९४८ सालची. गटाचं नाव ओरिओल्स, त्यांच्या मेरीलँड राज्याच्या पक्ष्यावरून घेतलेलं. ‘इट्स टू सून टू नो’ हे त्यांचं पहिलं गाणं. पुढे गाणारा सनी टिल. वरच्या पट्टीत अलेक्झांडर शार्प, मधल्यात जॉर्ज नेल्सन, खालच्या खर्जात जॉनी रीड, आणि गिटारवर टॉमी गेथर. कृष्णवर्णीयांच्या वस्तीतली ही पोरं. गाणं लिहिलं होतं डेबोरा चेसलर नावाच्या त्याच शहरातल्या तरुणीने. ती दुकानात विक्रेतीचं काम करायची, गटाची व्यवस्थाही तीच पाहू लागली. रेडिओवरच्या एका स्पर्धेत हे पाच जण हरले. त्याच वर्षी ही रेकॉर्ड निघाली आणि कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली.

तोवर बाजारात अशा गाण्यांना ‘रेस’ म्हणजे वंशावरून नाव होतं. पुढच्याच वर्षी, १९४९ मध्ये, बिलबोर्ड साप्ताहिकाने ते टाकून ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ हे नाव घेतलं.

सनी टिल जवळजवळ कुजबुजतो. ओळीच्या शेवटी जॉर्ज नेल्सनचा जाड आवाज मध्ये येतो, एक कडवं सांभाळतो, परत टिलच्या हाती देतो. मागे तिघांचा नुसता ‘ऊ’ चाललेला. शब्द नाहीत. तो ‘ऊ’ काढून टाकला तर गाण्याखालची जमीनच जाईल.

•

रत्नागिरीत बसून बाल्टिमोर का? कारण दोन्हीकडची माणसं घर सोडून शहरात गेलेली होती आणि दोन्हीकडे त्यांनी कामाच्या तासांपलीकडे उरलेल्या वेळात घोळक्याने गाणं केलं.

अमेरिकेच्या दक्षिणेतून १९१० ते १९७० या काळात सुमारे साठ लाख कृष्णवर्णीय लोक उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या शहरांत गेले. सोबत चर्चमधलं सामुदायिक गाणं गेलं. शहरात आल्यावर त्यांची मुलं रस्त्याच्या कोपऱ्यावर, जिन्याखाली, जिथे आवाज घुमतो अशा जागा शोधून गाऊ लागली. वाद्य विकत घ्यायला पैसे नसले तरी चार गळे फुकट होते.

आमच्याकडे १८५०च्या दशकात मुंबईत पहिली कापडगिरणी उभी राहिली, आणि पुढच्या शंभर वर्षांत कोकणातल्या वाड्यांतले पुरुष परळ-लालबागेकडे वाहत गेले. शेती भाताची, एका पिकाची, तुकडे लहान. मनीऑर्डरीवर घर चालायचं. गिरणगावात गावकऱ्यांनी मिळून खोल्या घेतल्या. एका खोलीत एका गावची माणसं, पाळीप्रमाणे झोपणारी, खाणावळीत जेवणारी. वळकट्या गुंडाळल्या की त्याच खोलीत भजन आणि गाण्याची तालीम. गणपतीला चाकरमानी गावी यायचा तो शहरात बसवलेली नवी चाल घेऊनच. अण्णाभाऊ साठ्यांच्या ‘माझी मैना’ छक्कडीतला विरह मुंबईत जितका ऐकला गेला, तितकाच आमच्या वाड्यांतही, कारण ती मैना इथेच राहिलेली होती.

एक फरक मात्र मोठा आहे. दक्षिणेतून गेलेल्यांपैकी बहुतेक परत गेले नाहीत, त्यांना हाकलणारी माणसं मागे होती. कोकणातला माणूस दरवर्षी परत येत राहिला. म्हणून त्यांचं गाणं शहराचं झालं आणि आमचं दोन्ही ठिकाणी राहिलं.

•

ओरिओल्सचे सूर एकमेकांपासून वेगळे. खर्ज, मध्य, तार, प्रत्येकाची वाट निराळी आणि शेवटी सगळे मिळून एक स्वरमेळ. जाखडीच्या कोरसमध्ये तसं नाही. सगळे एकाच पट्टीत, तीही उंच, काळी चार किंवा त्याहून वर. मग रंग येतो कशातून? गळ्यांच्या फरकातून. एकाचा आवाज नाकातला, एकाचा फाटलेला, एकाचा पोरसवदा. पाचही जण एकच सूर लावतात, पण सूर लागण्याच्या क्षणात केसभर मागेपुढे होतात, आणि त्यामुळे आवाज रुंद होतो. संगीत शिकलेल्या मंडळींना हे कच्चं वाटतं. मला तसं मुळीच वाटत नाही. एकाच साच्यातले पाच गळे घेऊन ही ओळ गायली तर खळ्याच्या टोकापर्यंत पोचणार नाही.

•

तिकडचाच आणखी एक गट, रॅव्हन्स. १९४६, हार्लेम. यांनी उलट केलं: खर्जातल्या जिमी रिक्सला पुढे आणलं आणि वरच्या गळ्यांना मागे बसवलं. १९४७ सालचं त्यांचं ‘ओल मॅन रिव्हर’ ऐकावं. मागे बसणाऱ्याला पुढे आणलं तर काय होतं, ते त्यात कळतं. जाखडीत एखाद्या पथकाने कोरसमधल्या सर्वांत खर्जातल्या माणसाला एक पद पूर्ण म्हणायला दिलं तर? तालमीच्या वेळी कोणाला तरी सुचवून पाहायचं आहे.

•

ध्वनिमुद्रणाबद्दल.

त्या काळच्या अमेरिकन स्टुडिओत गायकांच्या गटाला बहुतेकदा एकच माइक मिळे. तोल साधायचा तो अंतराने. पुढचा गायक माइकला नाक लावून, बाकीचे हात-दीड हात मागे, खर्जवाला बाजूने. कोणी पाऊलभर सरकला की रेकॉर्डवर त्याचा आवाज बदलायचा. म्हणजे कोणी कुठे उभं राहायचं हा गाण्याचाच भाग होता.

जाखडी मुळातच गोलाकार. खळ्यात आपण फेराच्या बाहेर असतो. आवाज नाच्यांच्या अंगांमधून गाळून आपल्याकडे येतो, आणि फेर फिरतो तसा कोरस कधी ठळक होतो, कधी चाळांखाली जातो. स्टुडिओत फेर नाही. बुवांपुढे एक माइक, ढोलकीपुढे एक, उरलेल्यांत कोरस. जुन्या कॅसेटींवर कोरस पार मागच्या भिंतीपाशी बसल्यासारखा ऐकू येतो तो यामुळे. नंतर प्रतिध्वनी वाढवायची टूम आली, तिने तर मागच्या शब्दांचा चिखल केला. चाळांचा आवाज हवा म्हणून स्टुडिओत कोणी बसल्याजागी घुंगरू हलवतो, पण पावलाने पडणारा ठेका हाताने पडत नाही. सरावलेल्या कानाला ते लगेच कळतं.

याउलट सामन्याच्या रात्री कोणी तरी टेपरेकॉर्डर स्पीकरजवळ ठेवून केलेली ध्वनिमुद्रणं. खरखर आहे, पोरं रडताहेत, कोणी ‘वा बुवा’ म्हणतंय. पण कोरस जिवंत आहे. बाजारात आलेल्या कॅसेटींपेक्षा या घरगुती कॅसेटी मला जास्त मोलाच्या वाटतात.

•

७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीची एक बाजू तीन मिनिटांच्या थोडी पुढे जाई. ओरिओल्सचं गाणं तेवढ्यातच मावायला रचलेलं आहे आणि तेवढंच पुरेसं वाटतं. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची. जाखडीच्या सामन्याला रात्र लागते. कॅसेटमध्ये काय गेलं? वाट पाहणं गेलं. शक्तीवाल्यांनी घातलेला प्रश्न समोरच्याची बारी येईपर्यंत हवेत लटकत राहतो, माणसं चहा घेता घेता त्यावर वाद घालतात, म्हातारे पुराणातला दाखला आठवू लागतात. कॅसेटवर प्रश्न झाला की दोन मिनिटांत उत्तर. प्रश्नाला मुरायला वेळच नाही.

•

१९४८ साली अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला होता. त्याआधी १९४२ ते ४४ मध्येही. गायक त्या संघटनेत येत नव्हते, म्हणून कंपन्यांनी नुसत्या गळ्यांच्या साथीवर रेकॉर्डी काढल्या. वाद्यांचं काम गळ्यांवर आलं आणि मागच्या गायकांचं मोल कंपन्यांना तेव्हा समजलं.

•

मोठ्या कंपन्या दोन्हीकडे फिरकल्या नाहीत. तिकडे व्हिक्टर, कोलंबिया, डेक्का यांना अशा गटांत फारसा रस नव्हता. ज्युबिली, नॅशनल, किंग, अटलांटिक अशा छोट्या कंपन्यांनी जोखीम घेतली. इकडे १९८०च्या सुमारापर्यंत ‘एचएमव्ही’चं जवळजवळ एकछत्री राज्य होतं. चार तालुक्यांत खपणाऱ्या गाण्यासाठी तबकडी कोण काढणार? कॅसेटने ते बदललं. यंत्र स्वस्त, प्रती काढणं सोपं, दोन-तीनशे प्रती खपल्या तरी काम भागे. पीटर मॅन्युएल या अमेरिकन अभ्यासकाने १९९३ साली ‘कॅसेट कल्चर’ या पुस्तकात उत्तर भारतातल्या लोकगीतांबद्दल हेच दाखवून दिलं. कोकणावर तसं पुस्तक कोणी तरी लिहायला हवं. साधनं घराघरांतल्या माळ्यावर पडलेली आहेत.

एस.टी. स्टँडवरच्या टपऱ्या, लालबाग-परळची फुटपाथवरची दुकानं, गणपतीआधीचा महिना. चाकरमानी गावी निघताना पेढ्यांबरोबर नवी कॅसेट घ्यायचा. मग व्हीसीडी आल्या, आता यूट्यूब. आता निदान सगळ्या साथीदारांचे चेहरे दिसतात. नावं अजूनही क्वचितच असतात.

•

जाखडीच्या पदात शेवटच्या कडव्यात नाममुद्रा असते. गुरूचं नाव, घराण्याचं, रचणाऱ्याचं, बऱ्याचदा गावाचंही. कॅसेटचं वेष्टन हरवलं, चिठ्ठी फाटली तरी पद स्वतःच सांगतं मी कोणाचं. लिखापढी नसलेल्या परंपरेने कर्तृत्वाचा हक्क असा गाण्यातच शिवून ठेवला, याचं मला फार अप्रूप आहे. कोणी ते पद उचललं तर नाव गाळताना वृत्त मोडतं, चोरी उघडी पडते.

अमेरिकन गटांना हे कवच नव्हतं. ‘व्हाय डू फूल्स फॉल इन लव्ह’ हे १९५६ सालचं गाणं घ्या. फ्रँकी लायमन आणि टीनेजर्स. लायमन तेरा वर्षांचा. गीतकार म्हणून लायमनबरोबर कंपनीवाल्याचं नाव लागलं. गटातल्या हर्मन सँटियागो आणि जिमी मर्चंट या दोघांनी पुढे दावा केला, १९९२ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला, आणि १९९६ मध्ये वरच्या न्यायालयाने तो फिरवला. कारण? दावा मुदतीत केला नाही. मागे उभं राहून गाणाऱ्यांना चाळीस वर्षांनी सांगितलं की उशीर झाला.

पण आमच्या नाममुद्रेतही कोरस नाही. गुरू आहे, कवी आहे, गाव आहे. मागचे गळे तिथेही नाहीत.

•

टॉमी गेथर १९५० मध्ये मोटार अपघातात गेला. ओरिओल्स त्यानंतरही गात राहिले. १९५३ मध्ये त्यांचं ‘क्राइंग इन द चॅपेल’ गोऱ्या श्रोत्यांतही गाजलं. पुढे तेच गाणं एल्विस प्रेस्लीच्या आवाजात १९६५ साली निघालं आणि जगभर गेलं. आज कोणालाही विचारा, ते एल्विसचं.

•

१८ जानेवारी १९८२. मुंबईतला गिरणीसंप. संपानंतर कित्येक घरांतले पुरुष वळकटी घेऊन गावी परतले ते कायमचे. काही पथकं तेव्हा मोडली, कारण ढोलकीवाला सुरतेकडे गेला, कोरसमधले दोघे गावी, बुवा मुंबईतच. आणि काही वाड्यांत याच परतलेल्यांनी नवी पोरं तयार केली. या दोन्ही गोष्टी म्हाताऱ्या माणसांकडून ऐकतो. दोन्ही खऱ्या असणार. संपाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी गाण्याच्या पथकांचं काय झालं हेही विचारायला हवं होतं.

परळचं दामोदर नाट्यगृह. सोशल सर्व्हिस लीगचं, १९२२ सालचं. नमन हे लोकनाट्य आणि जाखडी यांच्यासाठी कोकणी माणसाचं हक्काचं घर. २०२३ मध्ये पुनर्बांधणीसाठी बंद झालं. तिथल्या रंगमंचावर फेर धरताना नाच्यांना अंग चोरावं लागे, तरी प्रयोगाला गर्दी असे.

•

आता बायकाही बुवांच्या जागी बसून सामना करतात. काही जुन्या रसिकांना ते रुचत नाही. टोमण्यांची पातळी घसरली म्हणतात. टोमणा पुरुषांच्या सामन्यातही घसरतो, तिथे ही तक्रार एवढ्या जोरात ऐकू येत नाही. मला बायकांच्या बारीत एक वेगळीच गोष्ट ऐकू येते: पुढे बाईचा आवाज, मागे पुरुषांचा कोरस. पट्टी जुळवताना मागच्यांना खाली यावं लागतं किंवा फार वर जावं लागतं, आणि दोन सप्तकांत एकच ओळ वाजते. जाखडीत पहिल्यांदाच खाली-वर असे दोन थर मिळाले आहेत. हे नीट ध्वनिमुद्रित झालं पाहिजे.

•

कॅसेटींबद्दल कामाचं, कोणाच्या घरी असतील त्यांच्यासाठी.

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. टेपवर बुरशी धरते. पांढरी भुकटी दिसली तर कॅसेट वाजवायची नाही. ती भुकटी यंत्राच्या हेडला लागते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटीही खराब होतात. आधी कोरड्या जागी ठेवावी, मग हलक्या हाताने साफ करावी. आतली स्पंजची किंवा फेल्टची गादी निखळली असेल तर स्क्रूवाल्या नव्या कवचात टेप बदलून घेता येते. चिकटवलेलं कवच असलं तर ते काळजीपूर्वक फोडावं लागतं. प्रत्येक कॅसेट उतरवण्याआधी हेडचा कोन त्या टेपनुसार जुळवावा, नाहीतर झांजेची धार जाते. संगणकावर उतरवताना न दाबलेली पूर्ण प्रत ठेवावी. एमपीथ्री केवळ पाठवण्यासाठी.

आणि मूळ प्रतीवरची खरखर काढू नये. खरखर काढणाऱ्या प्रणालीला चाळांचा आवाज आणि टेपची खरखर यांतला फरक नेहमी कळत नाही. एका सामन्याची साफ केलेली प्रत ऐकली, नाचे अनवाणी, बिनचाळांचे नाचत होते.

•

न्यूयॉर्कच्या बेचाळिसाव्या रस्त्याखाली, भुयारी रेल्वेच्या वाटेवर, १९५९ साली ‘टाइम्स स्क्वेअर रेकॉर्ड्स’ नावाचं दुकान निघालं. मालक आयर्व्हिंग ‘स्लिम’ रोझ. जुन्या, कोणी विचारत नसलेल्या गटांच्या रेकॉर्डी तो मोठ्या किमतीला विकत घेऊ लागला, पोरं माळे धुंडाळू लागली, आणि विस्मृतीत गेलेल्या गटांना पुन्हा श्रोते मिळाले. पुढच्या दशकांत हौशी संग्राहकांनी म्हाताऱ्या गायकांना गाठलं, एकेक रेकॉर्ड वाजवून दाखवली आणि विचारलं: हा खर्ज कोणाचा? त्या दिवशी कोण आजारी होतं? त्याच्या जागी कोण उभं राहिलं? अशा प्रश्नोत्तरांतून शेकडो रेकॉर्डींवरच्या गायकांच्या याद्या तयार झाल्या. ही कामं विद्यापीठांनी नव्हे, नोकरी सांभाळून फावल्या वेळात गाण्यावर जीव टाकणाऱ्यांनी केली.

•

आपल्याकडे विचारायचे प्रश्न, एका कॅसेटला एक पान:

पक्ष कोणता, गुरू-घराणं कोणतं. पद रचलं कोणी, चाल कोणाची, सिनेमातली असेल तर कोणत्या गाण्याची. ढोलकी, झांज. कोरसमध्ये कोण कोण, कोणती वाडी. तेव्हा मुंबईत काय काम करत, कोणत्या गिरणीत, कोणत्या खात्यात. ध्वनिमुद्रण कुठे झालं, पैसे किती मिळाले, मिळाले का. ऐकताना कोणाचा आवाज ओळखता येतो.

शेवटचा प्रश्न सर्वांत उपयोगी. वेष्टनावर नाव नसलं तरी घरातल्या बायकांना आपल्या माणसाचा आवाज पाच गळ्यांतूनही बरोबर सापडतो. कागदावर जे मिळत नाही ते त्या एका ओळीत सांगून टाकतात.

•

श्रावणात वाडीवाडीत तालमी सुरू होतील. तेव्हा सगळी माणसं एका ठिकाणी सापडतात आणि जुनेजाणते नव्यांच्या चुका काढायला मुद्दाम येऊन बसतात. संगमेश्वरच्या बाजूच्या दोन वाड्यांशी बोलणं झालं आहे. उतरवलेली ध्वनिमुद्रणं, चांगला स्पीकर आणि कोरी पानं घेऊन जायचं. चाकरमानी गणपतीच्या आदल्या दिवसांत येतील, त्यांच्यातले जे पूर्वी मागे बसत त्यांना गौरी-विसर्जनानंतर गाठायचं, आधी कोणालाच वेळ नसतो.